चार चौकटींतला संसार

श्रोतेहो, आजचा माझा विषय चित्रांचा आहे, आणि ज्या यंत्रापुढे बसून मी बोलत आहे त्याला कान असले तरी डोळे नाहीत. चित्रकाराच्या हातातला कागद आणि टाक काढून घेऊन त्याला बोलावयास बसविणे म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैल गोठ्यातच ठेवून नुसती झूल गावातून मिरवून आणण्यासारखे आहे. तथापि एक सोय आहे. मला जे चित्र आपणांस दाखवावयाचे आहे, ते आपणांपैकी पुष्कळांच्या घरीच आहे. निदान आपल्या आजीच्या घरी तरी ते होते.

श्रावण लागला की देवघराशेजारच्या भिंतीवर एक छापील कागद लागतो. त्याला आपण जिवतीचा कागद म्हणतो. त्यावर चार चित्रे असतात. एकात हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा नरसिंह, दुसऱ्यात कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, तिसऱ्यात जरा आणि जिवंतिका, आणि चौथ्यात हत्तीवर बसलेला बुध व वाघावर बसलेला बृहस्पती. महिनाभर या कागदाची पूजा होते. लहानपणी अकोल्याच्या आमच्या आजोळी मी हा कागद पुष्कळ निरखिला आहे. आणि खरे सांगावयाचे तर नरसिंहाकडे पाहण्याचे मी टाळीत असे. माझे डोळे तिसऱ्या चित्रावर खिळत. त्या चित्रात कोणी कोणास मारीत नाही. दोन बायका मुलांना खेळवीत आहेत, कोणी पाळण्यात आहे, कोणी मांडीवर आहे, कोणी अंगावर चढू पाहत आहे. माझ्या मावशीच्या घरात आणि त्या चौकटीत फरक इतकाच, की मावशीच्या डोक्यावर मुकुट नव्हता.

ती तिसरी चौकट हाच माझा आजचा विषय. घरात, गल्लीत, बाजारात रोज जे घडते, ज्याची वर्तमानपत्रात बातमी होत नाही आणि पुराणात कथा होत नाही, ते चार-सहा चौकटींच्या पट्टीत मांडण्याची कला, ती कशी साधते आणि कोठे चुकते, याविषयी मी बोलणार आहे. मी अमरावतीस एका शाळेत चित्रकला शिकविण्यात आयुष्य काढले. त्यामुळे माझ्या बोलण्यात मास्तरकी डोकावली तर ती पोटार्थी सवय समजून सोडून द्यावी.

प्रथम नावाची अडचण सांगतो, कारण तिने बरेच नुकसान केले आहे. या कलेला इंग्रजांनी ‘कॉमिक’ म्हटले, म्हणजे जे पाहून हसू यावे ते. आम्ही मराठी लोकांनी जवळच्या कलेला ‘व्यंगचित्र’ म्हटले, म्हणजे ज्यात व्यंग दाखविले ते. एका नावात हसे दडले आहे आणि दुसऱ्यात खोड. परिणाम असा झाला, की जो तरुण हातात टाक घेतो, तो आरंभीच कोणाचे तरी नाक लांब करू लागतो. पण सायंकाळी दिवा लावून झाल्यावर आई उंबऱ्यात क्षणभर टेकते, यात हसण्यासारखे काय आणि व्यंग तरी कोणते? तरीसुद्धा ते काढण्याजोगे आहे. म्हणून मी माझ्यापुरता ‘चित्रपट्टी’ हा साधा शब्द वापरतो. पट्टीत काय भरावयाचे याचे बंधन त्या शब्दात नाही.

चित्रांच्या ओळीतून गोष्ट सांगणे आम्हांस नवे नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गावी ठाकर मंडळींची चित्रकथी आहे. एकामागून एक चित्र पुढे करीत ते रामायण-महाभारतातील आख्याने गातात. 1967 साली अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि दोन-तीन पिढ्यांना पुराणातले वीर चौकटीत भेटले. पण दोहोंकडे देव आणि राजे यांचीच वर्दळ. भांडी घासणारी बाई, मुलाच्या फीची चिंता करणारा कारकून, बाजारात पिशवी विसरून आलेला आजोबा, यांना त्या दरबारात प्रवेश नव्हता.

मराठीत तो प्रवेश ज्यांनी मोठ्या प्रमाणावर करून दिला, त्यांत ‘चिंटू’चे नाव घेतलेच पाहिजे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने 21 नोव्हेंबर 1991 रोजी पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये ही पट्टी सुरू केली. एक लहान मुलगा, त्याचे आईबाप, पप्पू, मिनी, बगळ्या ही मित्रमंडळी, शेजारच्या जोशीकाकू, एवढाच प्रपंच. ना राजकारण, ना पराक्रम. काकूंच्या अंगणात चेंडू गेला, अभ्यास टाळला, पाहुणे आले आणि ताटातला लाडू कमी झाला, बस्स. इतक्या पुंजीवर ती पट्टी वर्षानुवर्षे चालली, घरोघर सकाळी पहिल्या पानाआधी वाचली गेली आणि 2012 साली तिच्यावर चित्रपटही निघाला. माझे एक स्नेही म्हणत, की यात काय आहे? आमच्याही घरी हेच होते. मी म्हणे, अहो, यात हेच आहे.

जपानात हेच काम याहून पुष्कळ आधी एका तरुणीने केले होते. 1946 सालच्या एप्रिलात, युद्धात हरलेल्या, भुकेलेल्या देशात, फुकुओका शहरातील एका वृत्तपत्रात माचिको हासेगावा हिने ‘साझाए-सान’ नावाची चार चौकटींची पट्टी सुरू केली. साझाए ही एक धांदरट, हसऱ्या स्वभावाची गृहिणी. शिधावाटपाची रांग, काळ्या बाजारातले तांदूळ, आईबापांच्या घरात राहणारी विवाहित मुलगी, खोडकर धाकटा भाऊ, हा तिचा विषय. 1974 पर्यंत ही पट्टी चालली आणि तिची सहा हजारांहून अधिक चित्रे झाली. त्या काळातल्या जपानी स्वयंपाकघरात काय शिजत होते आणि काय शिजत नव्हते, हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याला ही पट्टी सरकारी अहवालांहून अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

येथे एक कूट प्रश्न निघतो, तो काळाचा. चिंटू कधी मोठा होत नाही. वीस वर्षांनंतरही तो त्याच चेंडूमागे धावतो. उलट अमेरिकेत फ्रँक किंग याने 1918 साली ‘गॅसोलिन ॲली’ नावाची पट्टी सुरू केली. 14 फेब्रुवारी 1921 च्या चित्रात तिच्या नायकाच्या दाराशी कोणीतरी एक तान्हे मूल ठेवून जातो, आणि मग ते मूल वाचकांच्या मुलांबरोबर दिवसादिवसाने वाढते, शाळेत जाते, लढाईवर जाते, लग्न करते. दोन्ही मार्ग खरे आहेत. आठवणीत आपले बालपण वाढत नाही आणि आरशात आपण थांबत नाही. मात्र जो काढणारा असेल त्याने कोणती वाट घ्यावयाची हे पहिल्या दिवशीच ठरवावे. मी ठरविले नाही, त्यामुळे माझ्या वहीतील माझा भाऊ एका पानावर पंचविशीचा तर पुढच्याच पानावर पन्नाशीचा आहे.

आता आपण वऱ्हाडाकडे येऊ. पुण्यामुंबईचे लोक आमच्याविषयी दोनच गोष्टी धरून बसतात, ऊन आणि कापूस. पण रोजच्या जगण्याकडे मिस्किल डोळ्याने पाहण्याची मराठी रीत वाढली ती याच मुलखात, हे ते विसरतात. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली करीत होते. त्यांचा पहिला विनोदी लेख 1902 सालचा; त्याचे नाव ‘साक्षीदार’. कचेरीच्या आवारात कोणत्याही दिवशी जो दिसावा, त्यालाच त्यांनी धरले. पुढे 1910 साली ‘सुदाम्याचे पोहे’ पुस्तकरूपाने निघाले आणि सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या हे त्रिकूट मराठी वाचकांच्या ओळखीचे झाले. ठरलेली तीन माणसे आणि त्यांना रोज भेटणारे नवे प्रसंग, हा तर चित्रपट्टीचाच सांगाडा. उणीव होती ती फक्त चित्राची.

दुसरे उदाहरण अमरावतीचे. दादासाहेब खापर्डे यांचे नाव आपण टिळकांचे सहकारी, मोठे वकील, 1897 च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष म्हणून जाणतो. पण दादासाहेबांनी दीर्घकाळ नेमाने रोजनिशी लिहिली, हे मला त्यांच्या भाषणांहून मोलाचे वाटते. पहाटे उठलो, प्रार्थना केली, अमुक आले, तमुक गेले, गप्पा झाल्या. अशा थाटाच्या त्या नोंदी. शिरडीच्या मुक्कामातील त्यांच्या नोंदी भाविक लोक वाचतात ते साईबाबांसाठी; मी वाचतो ते दुपारी कोण झोपले आणि कोण बोलत बसले यासाठी. इतक्या मोठ्या माणसाला आपला साधा दिवस टिपून ठेवावासा वाटला, ही गोष्ट मला धीर देते.

आणि रोजनिशी चित्रांची असली म्हणजे काय होते, हे पाहावयाचे तर गोव्यास गेले पाहिजे. मारियो मिरांडा हे लोटलीचे. लहानपणी घराच्या भिंती रंगवून ठेवतात म्हणून आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली असे सांगतात. त्या वहीतून पुढे सचित्र रोजनिशा झाल्या. 1949, 1950 आणि 1951 या सालांच्या तर आता पुस्तकरूपाने छापल्या गेल्या आहेत. त्यांत गावचा पाद्री आहे, लग्ने आहेत, शेजारणी आहेत, पावसात भिजणारे कुत्रे आहे, उशिरा उठलेला स्वतः मारियो आहे. तेव्हा तो जेमतेम तेवीस-पंचवीस वर्षांचा तरुण होता, आणि आपण पोर्तुगीज अमलातल्या गोव्याचा इतिहास लिहीत आहो अशी शंकाही त्याला आली नसेल. तो फक्त आजचा दिवस काढीत होता.

ही उदाहरणे मी वर्गात सांगत असे आणि मग मुलांना म्हणत असे, काढा तुमचे घर. आता काय होई ते ऐका. अमरावतीच्या भर कॅम्पात राहणारा मुलगा दोन डोंगर काढी, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, डोंगरातून निघालेली निळी नदी, नदीकाठी उतरत्या लाल छपराचे घर आणि शेजारी एक नारळाचे झाड. मी विचारी, बाबा रे, तुझ्या घराजवळ नारळ कोठे आहे? तो म्हणे, सर, चित्रात असतोच. अकोल्याहून आलेली एक मुलगी होती. तिने मोर्णेच्या काठी हंस काढले होते. ज्याने मोर्णा उन्हाळ्यात पाहिली आहे त्याला त्या हंसांची चिंता वाटेल.

या मुलांचा दोष नव्हता. आपले घर चित्रात घेण्याच्या लायकीचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून मी विषय बदलला. ‘माझे घर’ नको. काल सायंकाळी सहा ते सात तुमच्या घरी काय झाले ते चार चौकटींत काढा. पहिल्या आठवड्यात कोणालाच काही आठवेना. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाने जे आणले ते मी अजून जपून ठेवले आहे. वैशाखातली दुपार. पहिल्या चौकटीत सारे घर कूलरसमोर ओळीने आडवे झाले आहे. दुसऱ्या चौकटीत कूलरमधले पाणी संपून वाळ्याची ताटी कोरडी पडली आहे, वारा गरम येतो आहे, आणि सगळ्यांचा एकेक डोळा उघडा आहे. तिसऱ्या चौकटीत सगळे डोळे पुन्हा मिटलेले, अधिक घट्ट. चौथ्या चौकटीत आजी बादली घेऊन उभी. एक शब्द नाही. मी त्या मुलाला विचारले, तू कोणता? त्याने तिसऱ्या चौकटीतील सर्वांत घट्ट मिटलेल्या डोळ्यांकडे बोट दाखविले.

शब्दांवाचून चित्र बोलते करणे ही सोपी विद्या नाही. 1925 साली जन्मलेल्या शि. द. फडणीसांनी त्या विद्येत जे मिळविले आहे ते मराठी घरांना ठाऊक आहेच. एकही ओळ न लिहिता त्यांनी घरादाराला हसविले. पण या मुलाच्या चित्रात जे साधले होते ते थोडे निराळे. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मधली जी कोरी जागा असते, तिचा उपयोग झाला होता. सारे जण मनाशी ‘दुसरा कोणी उठेल’ असे म्हणाले, ते त्या कोऱ्या जागेत. आपल्या बोलण्यात जसा विराम, तशी पट्टीत ही जागा. नवशिक्याला चौकटी भरण्याची घाई असते; जाणत्याला मधली जागा सांभाळण्याची.

काही जण म्हणतात, आम्हांला चित्र काढता येत नाही. त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरी हार्वी पेकर नावाचा एक गृहस्थ माजी सैनिकांच्या रुग्णालयात कागदपत्रे लावण्याची कारकुनी करीत असे. त्याला चित्र अजिबात येत नव्हते. तो चौकटी आखून काड्यांची माणसे काढी, खाली संवाद लिही, आणि मग रॉबर्ट क्रम्ब यांच्यासारखे निष्णात मित्र ती चित्रे पुरी करीत. 1976 पासून त्याने आपले रांगेत उभे राहणे, आपली चिडचिड, आपले सहकारी, हेच छापले. तेव्हा काडीचा माणूस काढता येतो त्याने लाजू नये.

हाताच्या कामाच्या दोन गोष्टी सांगतो आणि पुढे जातो. चित्र छापावयाच्या मापाच्या दीडपट मोठे काढावे, लहान होताना हाताचा कंप झाकला जातो. मात्र फार बारीक रेघा टाळाव्यात, त्या छपाईत नाहीशा होतात. दुसरे असे, की इंग्रजी पट्टी पाहून फुग्याचे माप ठरवू नये. आपल्या अक्षराला डोक्यावर मात्रा-वेलांटी आहे आणि पायाशी उकार आहे. दोन ओळींत अंतर राखले नाही तर वरचा उकार आणि खालची वेलांटी एकमेकांत अडकून बसतात. म्हणून फुग्यात शब्द कमी ठेवावेत. आणि अक्षर आधी लिहावे, फुगा नंतर काढावा. माझी पहिली दोन वर्षे उलटा क्रम करण्यात वाया गेली.

फुग्यात शब्द कोणते घालावयाचे, हा प्रश्न मात्र इतक्या लवकर सुटणारा नाही. आमच्याकडे घरात ‘मले’, ‘तुले’ बोलतात, ‘काहून’ विचारतात, कोथिंबिरीला सांबार म्हणतात. चित्रपट्टीत मात्र माणसे एकाएकी पुण्याच्या सदाशिव पेठेत राहावयास गेल्यासारखी बोलू लागतात. जेथे वऱ्हाडी बोली येते तेथे ती गड्याच्या तोंडी, मूर्खाच्या तोंडी, किंवा ज्याला हसावयाचे आहे त्याच्या तोंडी. धनी प्रमाण मराठीत आज्ञा करतो आणि चाकर वऱ्हाडीत चूक करतो. नाटकांनी आणि बोलपटांनी ही खोड लावली. याला उत्तर उद्धव शेळके यांनी 1960 साली ‘धग’ कादंबरीने दिले. त्यातील कौतिक वऱ्हाडीत बोलते आणि तिच्या बोलण्याला कोणी हसत नाही. कारण ती दुःख बोलते, हिशेब बोलते, लेकरांची काळजी बोलते. माझ्या मते, बोलीत रडता आले की मगच तिच्यात हसण्याचा अधिकार मिळतो. हे मी तत्त्व म्हणून सांगत नाही. मला ते फार उशिरा, आणि माझ्या स्वतःच्या घरात समजले, म्हणून सांगतो.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोहो बाजूंनी जो खारपाणपट्टा जातो, त्यात ते येते. ज्यांनी ते पाणी चाखले नाही त्यांना काय सांगावे! जमीन काळी, कसदार. विहिरीला पाणी आहे, पण ते खारे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहा तर प्रथम पिणाऱ्याला औषधासारखा लागतो. पुढे धरणांवरून नळाच्या योजना आल्या. मी सांगतो आहे ती गोष्ट त्यापूर्वीची. माझे थोरले बंधू गावी शेती करीत आणि मी अमरावतीस नोकरीला होतो.

एका दिवाळीस एका लहानशा स्थानिक अंकासाठी मी एक चित्रपट्टी काढली. विषय आमच्याच घरचा घेतला. पहिल्या चौकटीत मुलगी पाहावयास आलेले शहरी पाहुणे ओसरीवर बसले आहेत. दुसऱ्यात कपबशा आल्या. तिसऱ्यात पाहुण्यांनी घोट घेतला आणि त्यांचे तोंड असे झाले, की ते तोंड काढण्यात मी एक संपूर्ण रात्र घालविली होती. चौथ्या चौकटीत घरची बाई विचारते, “साखर कमी पडली का जी?” चित्र लोकांना आवडले. एस. टी. स्टँडवर मला एकाने ओळखून ते वाक्य ऐकविले. मी मनातल्या मनात फुगलो होतो, हे कबूल करतो.

पुढे गावी गेलो तेव्हा वहिनी नेहमीप्रमाणे बोलल्या नाहीत. ताट वाढले, पाणी ठेवले, पण ‘भाऊजी’ म्हणून हाक नाही. दुसऱ्या दिवशी मीच विषय काढला. वहिनींना वाचता येत नव्हते, पण अंक कोणीतरी त्यांना दाखविला होता आणि वाचूनही दाखविला होता. त्यांच्या माहेरी तो पोचला होता. त्या तांदूळ निवडीत होत्या; मान वर न करता म्हणाल्या, “पाव्हन्याले आपल्या घरी कधी खारा चहा देल्ला काय, भाऊजी?”

मी गप्प झालो. कारण दिला नव्हता. कधीच दिला नव्हता. घरची माणसे खारे पाणी पीत, पण पाहुणा येणार असला की वहिनी पहाटे उठून दूरच्या गोड्या विहिरीवर जात आणि दोन खेपा करीत. हे मला ठाऊक होते. मी त्या घरातच वाढलो होतो. सुट्टीत मी आलो की माझ्यासाठीही तेच पाणी येई. आणि तरीही चित्र काढताना मला ती विहीर आठवली नाही, पाहुण्याचे वाकडे तोंड आठवले. त्या तोंडाला लोक हसतील हे मला माहीत होते.

वहिनी पुढे म्हणाल्या, “तोंड वाकडं झालेलं तुमाले दिसलं. पानी कोन आने, थे नाही दिसलं.”

श्रोतेहो, माझ्या चित्रावर अनेकांनी टीका केली आहे. एका विद्वानांनी माझ्या रेषेला ‘निर्जीव’ म्हटले होते, ते मी विसरलो. हे विसरलो नाही. त्या एका पट्टीने मी आमच्या घराच्या पाहुणचारावर डाग लावला होता, आणि तोही खोटा. चौकटीत घातलेली गोष्ट घडलेली नसली तरी बिघडत नाही, गोष्टी रचाव्याच लागतात. पण जे आमच्या घरी घडणे शक्यच नव्हते ते मी आमच्या घरच्या नावावर खपविले होते. वहिनींच्या माहेरच्या माणसांनी तर ते खरेच धरले. आमच्या मुलीला त्या घरात खारे पाणी प्यावे लागते, एवढेच नव्हे, पाहुण्यांपुढे ती हसे होते, असे त्यांना वाटले.

मी अमरावतीस परतल्यावर तीच पट्टी पुन्हा काढावयास घेतली. ती जमण्यास सहा महिने लागले. पहिली चौकट जवळजवळ सगळी काळी ठेविली. पहाटेचा अंधार, आणि वाटेवर डोक्यावर भांडे घेतलेली एक आकृती. दुसऱ्या चौकटीत तीच वाट, उजाडलेले, आकृती उलट दिशेने येणारी. तिसऱ्यात ओसरीवर पाहुणे चहा पीत आहेत. तोंडे सरळ, गप्पांत रंगलेली. त्यांना चहाविषयी बोलण्यासारखे काहीच नाही. चौथ्या चौकटीत स्वयंपाकघर. वहिनी माठातले खारे पाणी तांब्यात घेऊन पीत आहेत. एकही शब्द घातला नाही. ही पट्टी मी कोठेच छापावयास दिली नाही, आणि दिली असती तरी तिच्यावर कोणी हसले नसते, हे मला ठाऊक आहे.

ती घेऊन मी गावी गेलो. वहिनींनी हात पदराला पुसले, कागद उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. पहिल्या चौकटीपाशी त्यांचे बोट थांबले. मला वाटले, आता काहीतरी बोलतील आणि माझ्या मनावरचे ओझे उतरेल.

त्या म्हणाल्या, “हे मडकं कायले काढलं? गुंड होता तो, पितयेचा. अन् चुंबय कुठी हाय? इतकं पानी चुंबयीबिना डोक्षावर राह्यते काय?”

मी पांढरा रंग आणि टाक बरोबर नेला होता. तेथेच ओसरीवर बसून मडके पुसले, त्या ठिकाणी पितळेचा गुंड काढला आणि त्याच्याखाली चुंबळ काढली. वहिनी शेजारी उभ्या राहून, ती किती जाड असते ते बोटांनी दाखवीत होत्या.